पक्षाची राष्ट्रीय कार्यकारिणी चालते कशी? नव्या कार्यकर्त्यांसाठी, एकेक पायरी करत

तालुक्यात पक्षाचं काम सुरू केलं की पहिल्याच वर्षात एक वाक्य सारखं कानावर पडतं, "वरून ठरलंय." तिकीट वरून ठरलं, जिल्हाध्यक्ष वरून बदलला, आघाडी वरून झाली. पण हे वर बसलेले लोक कोण, त्यांना तिथे बसवलं कुणी, ते भेटतात कधी, बैठकीत मतं पडतात की नुसती भाषणं होऊन उठतात, हे नव्या पोरापोरींना कुणी सांगत नाही आणि जुन्यांना विचारलं तर त्यातल्याही बऱ्याच जणांना नीट सांगता येत नाही. मी बरीच वर्षं ब्लॉक आणि जिल्हा पातळीवर संघटनेचं काम केलंय, मेंबरशिपची पुस्तकं भरलीत, पक्षांतर्गत निवडणुकीतल्या याद्या तपासल्यात आणि नंतर नव्या कार्यकर्त्यांचे अभ्यासवर्ग घेताना हे सगळं मुळापासून वाचून काढलं. तेच इथे एका जागी लिहितेय, म्हणजे तुमची दोन-चार वर्षं वाचतील.

मुख्य उदाहरण काँग्रेसचं घेतलंय. कारण साधं आहे, तिच्या कार्यसमितीला शंभर वर्षं होऊन गेलीत, कागद भरपूर आहेत आणि तिच्या इतिहासातली मोठी वळणं नागपूर, वर्धा, मुंबई अशी आपल्याच भागात घडलीत. तुम्ही दुसऱ्या कुठल्या पक्षात असाल तरी वाचा, बाकीच्या पक्षांचं पुढे दिलंय, आणि प्रश्न सगळीकडे तेच विचारायचेत.

1. आधी पक्षाची घटना मिळवा

पक्षाची घटना म्हणजे पक्षाचं नियमांचं पुस्तक. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 29अ खाली पक्षाची नोंदणी करायची तर ही घटना निवडणूक आयोगाला द्यावीच लागते. त्यामुळे आयोगाच्या साईटवर पक्षांच्या घटना सापडतात, पक्षाच्या स्वतःच्या साईटवरही बहुतेक वेळा असते.

इथे पहिला धोका. साईटवर जी पीडीएफ आहे ती शेवटच्या दुरुस्तीसकट आहे का ते बघायचं. काँग्रेसच्या घटनेत फेब्रुवारी 2023 ला रायपूरच्या 85 व्या महाअधिवेशनात मोठे बदल झाले, आणि अजूनही लोक जुनीच प्रत एकमेकांना फॉरवर्ड करत असतात. तारीख न बघता कलम दाखवायला गेलात तर भर बैठकीत कुणीतरी सांगेल की हे कलम बदललंय, आणि मग तुमचा मुद्दा बरोबर असला तरी तिथेच संपतो.

माहितीच्या अधिकाराचं पण सांगून ठेवते, कारण हे प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच. केंद्रीय माहिती आयोगाने 3 जून 2013 ला सहा राष्ट्रीय पक्ष सार्वजनिक प्राधिकरण आहेत, म्हणजे माहिती द्यायला बांधील आहेत, असा आदेश दिला होता, पण पक्षांनी तो मानला नाही. तेव्हा पक्षाच्या ऑफिसला आरटीआय टाकून उत्तराची वाट बघत बसू नका. निवडणूक आयोग मात्र सरकारी यंत्रणा आहे, पक्षाने आयोगाला जे कागद दिलेत ते आयोगाकडे मागता येतात. हा रस्ता फार कमी लोक वापरतात.

2. तीन नावं वेगवेगळी लक्षात ठेवा

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पेपरात कधी "काँग्रेस कार्यसमिती" लिहितात, कधी "अखिल भारतीय काँग्रेस कमिटी", कधी नुसतं "पक्षश्रेष्ठी", आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं एकच.

तुमच्या हाऊसिंग सोसायटीची रचना आठवा. सगळे सभासद जमतात ती सर्वसाधारण सभा, आणि रोजचा कारभार बघते ती मॅनेजिंग कमिटी. पक्षातही ढोबळमानाने तसंच आहे:

- महाअधिवेशन: देशभरातले प्रतिनिधी जमतात. घटनेतले बदल, मोठे राजकीय ठराव इथे होतात.
- एआयसीसी, म्हणजे अखिल भारतीय काँग्रेस कमिटी: हजाराच्या वर सदस्यांची मोठी सभा.
- सीडब्ल्यूसी, म्हणजे कार्यसमिती: घटनेनुसार पक्षाची सर्वोच्च कार्यकारी संस्था. घटनेतल्या कलमाचा अर्थ लावायचा शेवटचा अधिकारही हिचाच.

कागदावर कार्यसमिती एआयसीसीला जबाबदार आहे. म्हणजे छोटी कमिटी मोठ्या सभेला. हे वाक्य डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

दिल्लीतल्या ऑफिसलाही लोक बोलताना एआयसीसीच म्हणतात. आधी 24 अकबर रोड होतं, 15 जानेवारी 2025 पासून कोटला रोडवरचं इंदिरा भवन. कुणी म्हणालं "एआयसीसीत जाऊन आलो", तर तो ऑफिसात जाऊन आलाय, सदस्य झालेला नाही.

3. साखळी खालून वर बघायला शिका

ही साखळी अशी: प्राथमिक सदस्य, मग ब्लॉक, ब्लॉकच्या निवडणुकीतून प्रदेश प्रतिनिधी, प्रदेश प्रतिनिधींमधून एआयसीसी सदस्य, आणि एआयसीसीतून कार्यसमिती. आधी आठ प्रदेश प्रतिनिधींमागे एक एआयसीसी सदस्य निवडायचा नियम होता, रायपूरच्या दुरुस्तीने तो सहांमागे एक झाला. याशिवाय प्रदेशाध्यक्ष, विधिमंडळ पक्षाचे नेते, माजी राष्ट्रीय अध्यक्ष असे पदामुळे येणारे सदस्य वेगळे.

या साखळीतली सगळ्यात महत्त्वाची कडी कुठली असं मला कुणी विचारलं तर मी प्रदेश प्रतिनिधी म्हणेन. कारण पक्षाध्यक्ष निवडायचं मत यांनाच असतं. 17 ऑक्टोबर 2022 ला झालं ते मतदान आठवा, मल्लिकार्जुन खर्गे विरुद्ध शशी थरूर. देशभरातून 9,385 मतं पडली, खर्गेंना 7,897, थरूर यांना 1,072 आणि 416 मतं बाद. बाद मतं चारशेच्या वर, आणि हे मतदार म्हणजे पक्षात वर्षानुवर्षं काम केलेले लोक! मतपत्रिका कशी भरायची हे सुद्धा नीट शिकवावं लागतं, हे माझं ठाम मत तिथूनच झालंय.

त्याच निवडणुकीत आणखी एक गोष्ट घडली जी प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी. निवडणुकीच्या आधी पाच खासदारांनी पक्षाच्या निवडणूक प्राधिकरणाला पत्र लिहून मतदार प्रतिनिधींची यादी मागितली होती. यादी जाहीर झाली नाही, उमेदवाराने ऑफिसात येऊन बघावी असं ठरलं. प्रतिनिधींना क्यूआर कोडवाली ओळखपत्रं मात्र दिली गेली. सांगायचा मुद्दा हा की खासदारांना सुद्धा यादी मागावी लागते, मग तुम्ही तालुक्यात यादी मागायला लाजू नका.

आता खास मुंबईकरांसाठी. मुंबईची काँग्रेस कमिटी महाराष्ट्र प्रदेश कमिटीपेक्षा वेगळी आहे. पुण्या-नाशिकच्या माणसाची साखळी दादरच्या टिळक भवनातून जाते, मुंबईच्या माणसाची मुंबई कमिटीतून. हे आजचं नाही, 1920 च्या नागपूर अधिवेशनात भाषावार प्रांतिक कमिट्या केल्या तेव्हापासून मुंबई शहर वेगळंच मोजलं जातं. कार्यसमितीचा जन्म पण त्याच नागपूर अधिवेशनातला, आणि चार आणे वर्गणी भरून कुणालाही सदस्य होता येईल हेही तिथलंच. वर छोटी कमिटी आणि खाली चार आण्याचा सदस्य, दोन्ही टोकं एकाच वेळी बांधली गेली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण नंतर लोकांनी वरचं टोक लक्षात ठेवलं आणि खालचं सोडून दिलं.

4. खुर्ची निवडणुकीने भरली की नेमणुकीने, हे सगळ्यात आधी शोधा

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा. कुठल्याही पक्षाच्या कार्यकारिणीत किती लोक निवडून आलेत आणि किती अध्यक्षाने नेमलेत, एवढं कळलं की त्या पक्षात सत्ता कुठून कुठे वाहते ते कळतं. नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडे बघतो, निवडलेला माणूस निवडणाऱ्याकडे बघतो. यात कुणाच्या स्वभावाचा दोष नाही, रचनाच तशी आहे.

काँग्रेसच्या घटनेत बरीच वर्षं असं होतं: अध्यक्ष, संसदीय पक्षाचा नेता आणि इतर 23 सदस्य, त्यातले 12 एआयसीसीने निवडायचे आणि उरलेले अध्यक्षाने नेमायचे. म्हणजे निवडलेले एकने जास्त. कुणीतरी विचार करून केलेली तरतूद आहे ती. प्रत्यक्षात काय झालं? 1992 ला तिरुपतीला नरसिंह रावांच्या काळात कार्यसमितीची निवडणूक झाली, 1997 ला कोलकात्याला सीताराम केसरींच्या काळात झाली, आणि त्यानंतर झालीच नाही. प्रत्येक वेळी एआयसीसीने किंवा अधिवेशनाने "सदस्य नेमण्याचे सर्वाधिकार अध्यक्षांना" असा ठराव केला. 2023 ला रायपूरला पण सुरुवातीच्या सुकाणू समितीच्या (नवी कार्यसमिती होईपर्यंत तिचं काम बघणाऱ्या समितीच्या) बैठकीत हेच ठरलं.

रायपूरला चांगलं पण झालं, ते सांगायलाच हवं. कार्यसमिती 35 सदस्यांपर्यंत वाढवली (माजी अध्यक्ष, माजी पंतप्रधान असे पदामुळे येणारे वेगळे) आणि निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला आणि तरुणांसाठी ठेवल्या. ही कल्पना मे 2022 च्या उदयपूर चिंतन शिबिरातून पुढे आली होती. एखादी सूचना शिबिरातल्या गटचर्चेतून कार्यसमितीत, तिथून महाअधिवेशनात आणि मग घटनेत कशी जाते याचं हे ताजं उदाहरण, म्हणून शिबिरात बोलावलं तर नुसते जेवून परत येऊ नका, सूचना लेखी द्या.

मग 20 ऑगस्ट 2023 ला नवी कार्यसमिती जाहीर झाली. एकूण नावं 84. पण जरा थांबा, यात नियमित सदस्य 39 च. बाकी कायम निमंत्रित, राज्यांचे प्रभारी, विशेष निमंत्रित आणि युवक काँग्रेस, एनएसयूआय (विद्यार्थी संघटना), महिला काँग्रेस, सेवादल यांचे प्रमुख. निमंत्रितांना बसता येतं, बोलता येतं, मत नसतं. आपल्याकडे एखाद्याचं नाव विशेष निमंत्रितात आलं तरी चौकात "राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवड" असा फ्लेक्स लागतो. आनंद करावा, मान मोठाच आहे, पण निवड आणि निमंत्रण यात फरक आहे आणि अभ्यास करणाऱ्याने तो करायचा.

कार्यसमिती कुणी नेमायची हा प्रश्न किती जुना आणि किती खोल आहे त्यासाठी 1939 बघा. सुभाषचंद्र बोस निवडणूक लढवून पट्टाभी सीतारामय्यांना दोनशेच्या आसपास मतांनी हरवून अध्यक्ष झाले. त्यानंतर आधीच्या कार्यसमितीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले, आणि मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीच्या अधिवेशनात गोविंद वल्लभ पंतांनी ठराव आणला की अध्यक्षांनी कार्यसमिती गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. ठराव पास झाला. कार्यसमिती बनेना. एप्रिलच्या शेवटी बोसांनी अध्यक्षपद सोडलं. म्हणजे अध्यक्ष निवडून आला, पण आपली टीम नेमता आली नाही म्हणून टिकू शकला नाही. आज उलटं आहे, निवड मोजकी आणि नेमणूक सगळी. दोन्ही टोकांना कार्यकर्त्याचं मत मध्येच कुठेतरी हरवतं, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

5. बैठक कशी चालते

बैठक अध्यक्ष बोलावतात, संघटन सरचिटणीसांच्या ऑफिसातून निरोप आणि अजेंडा जातो. सुरुवातीला शोकप्रस्ताव, मग अध्यक्षांचं भाषण (याची प्रत प्रेसला मिळते, ती वाचत जा, पुढच्या तीन महिन्यांची दिशा त्यात असते), मग ठरावाचा मसुदा मांडला जातो. मसुदा बहुतेक वेळा बैठकीआधीच दोन-चार जणांनी लिहिलेला असतो. चर्चा होते, एखाद-दुसरा शब्द बदलतो, आणि "एकमताने मंजूर" अशी प्रेसनोट येते.

मत क्वचितच पडतं. याचा अर्थ मतभेद नसतात असा नाही, मतभेद मसुद्याच्या टप्प्यावर मिटवलेले असतात. म्हणून ज्याला खरंच काही बदलून हवंय त्याने बैठकीच्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही, मसुदा लिहिणाऱ्यांपर्यंत आठवडाभर आधी मुद्दा पोचवावा लागतो. जिल्ह्याच्या बैठकीला पण हेच लागू आहे, करून बघा.

कार्यसमिती आणि एआयसीसीचं नातं समजायला 1942 सारखं दुसरं उदाहरण नाही. 14 जुलै 1942 ला वर्ध्यात कार्यसमितीने इंग्रजांनी भारतातून जावं असा ठराव केला. पण तेवढ्यावर आंदोलन सुरू झालं नाही. तो ठराव एआयसीसीपुढे ठेवायचा होता, म्हणून 7 ऑगस्टपासून मुंबईत गोवालिया टँक मैदानावर एआयसीसी भरली, नेहरूंनी ठराव मांडला, सरदार पटेलांनी अनुमोदन दिलं, आणि 8 तारखेच्या रात्री तो पास झाला. गांधीजी सोबत असताना, देश पेटलेला असताना सुद्धा छोट्या कमिटीने मोठ्या सभेची मंजुरी घेतली. आणि सरकारलाही ही कमिटी काय आहे ते बरोबर कळत होतं, 9 ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली आणि कार्यसमितीचे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले.

आजही पद्धत तीच आहे. एप्रिल 2025 ला अहमदाबादला आधी 8 तारखेला कार्यसमिती बसली आणि दुसऱ्या दिवशी साबरमतीच्या काठावर एआयसीसीचं अधिवेशन झालं. पुढच्या वेळी अशी बातमी आली की आदल्या दिवशीच्या बैठकीकडे जास्त लक्ष द्या, दुसऱ्या दिवशी मंडपात मांडलं जातं ते आदल्या दिवशी ठरलेलं असतं.

6. तिकीट आणि मुख्यमंत्रीपद इथे ठरत नाही

नव्या लोकांचा मोठा गैरसमज. कार्यसमिती उमेदवार निवडत नाही. त्यासाठी केंद्रीय निवडणूक समिती असते, तिच्या आधी राज्याची छाननी समिती बसते. तुमचं तिकिटाचं काम असेल तर कार्यसमिती सदस्यांच्या बंगल्यांवर चकरा मारण्याआधी छाननी समितीत कोण आहे ते बघा.

मुख्यमंत्री किंवा गटनेता निवडायला दिल्लीहून निरीक्षक येतात, आमदारांची मतं एकेकाला वेगळं भेटून घेतात आणि शेवटी एका ओळीचा ठराव होतो, नेता निवडीचे अधिकार पक्षश्रेष्ठींना. ही एक ओळ जवळजवळ सगळ्याच मोठ्या पक्षांत चालते. पक्षश्रेष्ठी या नावाची कुठलीही संस्था घटनेत नाही हे लक्षात घ्या, म्हणजे त्या ओळीने अधिकार नक्की कुणाच्या हातात दिला हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

7. अध्यक्ष आणि कार्यकारिणी यांचं फाटलं तर?

अशा वेळी नियम किती कामाला येतात ते दिसतं.

1969 ला 1 नोव्हेंबरला दिल्लीत काँग्रेस कार्यसमितीच्या एकाच दिवशी दोन बैठका झाल्या, एक पक्षाच्या ऑफिसात अध्यक्ष निजलिंगप्पांची आणि दुसरी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या घरी, आणि सदस्य जवळजवळ निम्मे निम्मे. 12 नोव्हेंबरला इंदिरा गांधींना पक्षातून काढलं. त्यांच्या बाजूने मग एआयसीसीचीच सभा बोलावली आणि 705 पैकी 446 सदस्य तिथे गेले. छोट्या कमिटीत बरोबरी होती, मोठ्या सभेत नव्हती. पुढे बैलजोडीच्या चिन्हाचा वाद आयोगाकडे आणि सुप्रीम कोर्टात गेला, आणि 1971 च्या सादिक अली निकालात संघटना आणि विधिमंडळ या दोन्हींतलं बहुमत बघायची कसोटी मान्य झाली. आज महाराष्ट्रात जे वाद आपण बघतोय त्याचं मूळ या निकालात आहे.

1998 ला 14 मार्चला कार्यसमितीने केसरींच्या जागी सोनिया गांधींना आणलं. केसरी निवडून आलेले अध्यक्ष होते, आदल्याच वर्षी शरद पवार आणि राजेश पायलट यांना हरवून. घटनेत अशी सोय आहे की अध्यक्षाचा मृत्यू, राजीनामा अशी आणीबाणी आली तर कार्यसमिती तात्पुरता अध्यक्ष नेमू शकते, 2019 ला राहुल गांधींच्या राजीनाम्यानंतर 10 ऑगस्टला याच मार्गाने सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष झाल्या. पण 1998 ला ही सोय जशी वापरली त्यावर अजूनही वाद घालता येतो आणि घालावा.

आणि मे 1999 आपल्या लोकांना सांगायला नको. सोनिया गांधींच्या परदेशी मुळाचा मुद्दा काढला म्हणून 20 मे ला कार्यसमितीने पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांना सहा वर्षांसाठी काढलं, आणि 10 जूनला राष्ट्रवादी काँग्रेस उभी राहिली. एका बैठकीने महाराष्ट्राच्या राजकारणाचा पुढचा पाव शतकाचा नकाशा बदलला.

8. बाकीच्या पक्षांत

भाजप: राष्ट्रीय अध्यक्षाला राष्ट्रीय परिषद आणि प्रदेश परिषदांचे सदस्य मिळून निवडतात, मुदत तीन वर्षांची. राष्ट्रीय कार्यकारिणी मात्र अध्यक्ष नेमतात. ऑक्टोबर 2021 ला जी यादी आली तिच्यात 80 सदस्य, 50 विशेष निमंत्रित आणि 179 कायम निमंत्रित होते. कळीचे निर्णय छोट्या संसदीय मंडळात, तिकिटं केंद्रीय निवडणूक समितीत. ऑगस्ट 2022 ला नितीन गडकरी संसदीय मंडळातून बाहेर गेले आणि देवेंद्र फडणवीस निवडणूक समितीत आले, ती बातमी एवढी गाजली ती यामुळेच.

माकप: दर तीन वर्षांनी पक्ष काँग्रेस (म्हणजे त्यांचं महाअधिवेशन), ती केंद्रीय समिती निवडते, केंद्रीय समिती पॉलिट ब्युरो (सगळ्यात वरची छोटी समिती) आणि सरचिटणीस निवडते. राजकीय ठरावाचा मसुदा दोन महिने आधी जाहीर होतो आणि खालच्या सदस्याला दुरुस्ती पाठवता येते, ही पद्धत बाकीच्यांनी घ्यावी इतकी चांगली आहे. एप्रिल 2025 ला मदुराईत अधिकृत पॅनेलविरुद्ध आपले डी. एल. कराड केंद्रीय समितीसाठी उभे राहिले, 31 मतं पडली, हरले. पण मतदान झालं.

आम आदमी पक्ष: 4 मार्च 2015 ला राष्ट्रीय कार्यकारिणीने योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना राजकीय व्यवहार समितीतून (पक्षाच्या छोट्या निर्णय समितीतून) काढायचं 11 विरुद्ध 8 मतांनी ठरवलं. हे आकडे बाहेर कळले आणि लोकांना पहिल्यांदा वाटलं की अरे, अशा बैठकीत मतदान पण होतं.

9. पक्ष फुटला तर कागद काय करतो

शिवसेनेच्या वादात निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 ला नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. त्या निकालात आयोगाने म्हटलं की पक्षाच्या घटनेतली 2018 ची दुरुस्ती आयोगाच्या रेकॉर्डवर नाही. मग 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी आमदार अपात्रतेचा निकाल देताना 1999 ची घटना धरली, आणि त्या घटनेप्रमाणे राष्ट्रीय कार्यकारिणी सर्वोच्च असल्याचं सांगितलं. निकाल कुणाला पटो न पटो, कार्यकर्त्याने यातून घ्यायचं ते हे की घटनादुरुस्ती नुसती करून भागत नाही, ती आयोगाकडे पोचल्याची पोच जपून ठेवावी लागते.

राष्ट्रवादीच्या बाबतीत 6 फेब्रुवारी 2024 ला आयोगाने संघटनेतल्या बहुमताचे दावे विश्वासार्ह धरता येत नाहीत म्हणून विधिमंडळातलं बहुमत बघितलं. म्हणजे संघटनेच्या निवडणुका आणि याद्या वादातीत नसतील तर फुटीच्या दिवशी हजारो कार्यकर्त्यांचं मत मोजलंच जात नाही, फक्त आमदार-खासदार मोजले जातात. तालुक्यातली पक्षांतर्गत निवडणूक बिनविरोध उरकून टाकताना कुणाला वाटतही नसेल की याचा हिशोब एवढ्या वर जाऊन लागणार आहे.

10. जवळ काय ठेवाल, आणि काय टाळाल

हे एका फाईलमध्ये असू दे:

- पक्षाची घटना, शेवटच्या दुरुस्तीच्या तारखेसह प्रिंट
- तुमची सदस्यत्वाची पावती किंवा डिजिटल नोंदणीचा स्क्रीनशॉट, नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे
- सध्याच्या कार्यकारिणीची यादी, नियमित सदस्य आणि निमंत्रित वेगळ्या रंगाने खूण करून
- तुमच्या ब्लॉकच्या, जिल्ह्याच्या आणि प्रदेशाच्या पक्षांतर्गत निवडणूक अधिकाऱ्यांची नावं (काँग्रेसमध्ये यांना बीआरओ, डीआरओ, पीआरओ म्हणतात)
- गेल्या दोन-तीन बैठकांचे ठराव, पूर्ण मजकूर, बातमी नव्हे

टाळायच्या गोष्टींत पहिली म्हणजे टीव्हीवरच्या "सूत्रांनुसार" वर पोस्ट टाकणं. बैठक चालू असताना बाहेर येणारं निम्मं कुणीतरी मुद्दाम सोडलेलं असतं, संध्याकाळची अधिकृत प्रेसनोट येईपर्यंत थांबा. दुसरी, पैसे दिले तर कमिटीत नाव घालून देतो असं म्हणणाऱ्याला उभंही करू नका. तिसरी, तक्रार तोंडी करणं. संघटनात्मक निवडणुकीतली तक्रार लेखी, तारखेसह, आधी ब्लॉकच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे आणि मग वर, आणि प्रत्येक वेळी पोच घ्यायची, नाहीतर वरचा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो की खाली दिली होती का.

आणि सदस्य नोंदणी सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच नोंदणी करा. शेवटच्या दिवशी सर्व्हर अडकतो, पुस्तकं संपतात, आणि यादीत नाव नसेल तर ब्लॉकच्या निवडणुकीत मत नाही, मग वरच्या साखळीत तुमचा काही संबंधच राहत नाही. यादी लागल्यावर स्वतः जाऊन नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि बूथ क्रमांक तपासा, सोबतच्या दहा जणांचंही तपासा, आणि चूक दिसली तर हरकतीची मुदत कधी संपते ते त्याच दिवशी विचारून घ्या.